नेमणुकीतला खंड

सोमवार, ३ फेब्रुवारी

बारकीला मिळाली! स्वतःच्या नावावर! दारातूनच ओरडली, "बाबा, मिळाली!" मी आधी घाबरलोच — म्हटलं आता हिचं काय हरवलं होतं! मग कळलं, फेलोशिप. चपला पायात तशाच ठेवून घरभर फिरत होती. चाळिशीला टेकली तरी भावंडांत शेवटची, म्हणून बारकी ती बारकीच.

म्हणजे काय ते तिने बसून समजावलं. आजवर ती मॅडमच्या पैशातून पगार घ्यायची. मॅडम म्हणजे तिच्या प्रयोगशाळेच्या मुख्य. आता पैसे थेट तिच्या नावाने येणार, दोन वर्षं. विषय तिचा, मासेही तिचे. ती बोटाच्या पेराएवढे मासे पाळते. त्यांच्या काळजाला जखम झाली तर ती आपोआप भरून येते म्हणे. कशी येते, ते ही बघते. मॅडमनी सगळ्यांसमोर मिठी मारली.

खाली जाऊन शिंप्याला सांगितलं. सांगितल्याशिवाय राहवेना. मशीन न थांबवता म्हणाला, "वा, पंपवाले! म्हणजे पोरगी कायम झाली म्हणायची." मी हो म्हणून आलो. जिना चढताना लक्षात आलं — हे तर विचारलंच नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

कायम नाही. विचारलं तर हसली. "बाबा, आमच्यात कायम कोण असतं?"

नावापुढे डॉक्टर लागल्यापासून ही तिची चौथी नेमणूक. कधी वर्षाची, कधी सहा महिन्यांची. मी सातवीत शाळा सोडली, पाणीपुरवठ्याच्या पंपघरात लागलो आणि कायम होऊन निवृत्त झालो. तेव्हा पोरांना सांगायचो, शिका, म्हणजे माझ्यासारखी धाकधूक नको. ही सगळ्यांत जास्त शिकली आणि हीच हंगामी! हे गणित मला सुटत नाही.

उजवा डोळा झाकून वहीकडे पाहिलं. रेघा सरळ. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलंय — रोज एकेक डोळा झाकून रेघांकडे बघायचं, वाकड्या दिसल्या तर घरी थांबायचं नाही. वही हातात घ्यायचीच, मग लिहायला लागलो. नाहीतर मी कुठला लिहिणारा! डाव्या डोळ्याच्या पडद्यामागे पाणी झिरपतं. म्हणजे इथेही गळती! त्यावर डोळ्यात सुई घ्यावी लागते, ठरल्या तारखेला, न चुकता. पहिल्या खेपेला बारकीचा हात इतका दाबला की तिच्या बोटांवर वळ उठले. सुई फार महाग. ती तिच्या विम्याच्या कार्डावर होते. कार्डावर तिच्या नावाखाली माझं — अवलंबून असलेले वडील.

वाचताना बरं वाटत नाही. पण खरं आहे.

गुरुवार, २० फेब्रुवारी

बारकीने आज फेलोशिपचे नियम वाचून दाखवले.

फेलोशिप घेतली की बारकी विद्यापीठाची कर्मचारी राहत नाही. पैसे बाहेरच्या संस्थेचे. विद्यापीठ फक्त टेबल देणार, खुर्ची देणार. कर्मचारी नाही म्हणून भरपगारी रजा नाही, म्हातारपणासाठी कापून ठेवतात ते नाही, आणि कार्ड नाही. तिला एकटीपुरता विमा मिळेल. माझं नाव त्यात बसत नाही.

"म्हणजे मान वाढला आणि छत्री काढून घेतली?"

"तसंच काहीतरी."

"मग बाहेरून विमा घेऊ."

"आधीचं दुखणं धरत नाहीत, बाबा. विचारून आले मी."

"मग?"

"बघू."

हिची आईसुद्धा अशीच बघू म्हणायची आणि मग एकटीच बघत बसायची. मला शेवटपर्यंत पत्ता लागू द्यायची नाही.

शनिवार, १ मार्च

जुनी नेमणूक काल संपली. फेलोशिप एक एप्रिलपासून. मधला महिना ती कुणाचीच नाही. कार्डही कालच बंद. म्हणते, "सुट्टी समजा."

सुट्टी! मला शिकवते! पंपघरात आम्हा हंगाम्यांना मधूनमधून एक दिवस घरी बसवायचे. सलग नोकरी दिसली तर कायम करावं लागेल, म्हणून. त्याला खंड म्हणायचे. पण गावाला काय, खंडाच्या दिवशी तहान लागत नाही? मुकादम आदल्या दिवशी कानात सांगायचा, "या. पण हजेरीला सही नको." आम्ही जायचो. पाणी सोडायचो. चोरासारखे परत यायचो.

एवढी मोठी इमारत, काचेचे दरवाजे — आणि आत तोच मुकादम!

सोमवार, ३ मार्च

सकाळी डबा भरून निघाली. म्हटलं, "सुट्टी ना?"

"माशांना कोण सांगणार?"

तिचं दार उघडायचं कार्ड चालत नाही. टाक्या धुणारे मामा आहेत तिथे, ते आपलं देतात. मॅडमना माहीत आहे का, विचारलं. म्हणाली, "मॅडम विचारत नाहीत, मी सांगत नाही."

ती गेली की घर एकदम मोठं होतं. उभ्यानेच जेवलो, ताट कशाला खरकटं करा. समोरच्या थांब्यावर बस येते, माणसं उतरतात, सगळ्यांना कुठेतरी जायचं असतं. मी खिडकीत. एकाने वर पाहिलं म्हणून हात केला. तो बसचा नंबर बघत होता.

शुक्रवार, ७ मार्च

आज कुणाशी बोललो नाही. फोनवर एक बाई बोलली, पण ती मशीनमधली होती.

बुधवार, १२ मार्च

सुईची तारीख. गेलो नाही.

बारकी म्हणत होती, यावेळी खिशातून भरू. कुठल्या खिशातून? महिनाभर पगार नाही तिला. म्हटलं, डॉक्टरीणबाईंनीच तारीख पुढे ढकलली, त्या गावाला गेल्यात. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी पेपर तोंडासमोर धरला.

एक सुई चुकली तर काय होतं? पंप एक दिवस बंद राहिला तरी दुसऱ्या दिवशी नळाला पाणी येतंच की.

सोमवार, १७ मार्च

डाव्या डोळ्याने पाहिलं तर रेघेला मधोमध पोक आलंय. दाराची चौकटही आत दबल्यासारखी. पुन्हा पुन्हा पाहिलं. चष्मा पुसला. तोंड धुऊन पाहिलं!

बारकीला सांगितलं तर ती फेलोशिप फेकून देईल. नाही सांगितलं तर डोळा जाईल. दिवसभर येरझारा. शिंपी खालून ओरडला, "पंपवाले, माझं छत पडेल, बसा की जरा!"

संध्याकाळी एक गोष्ट आठवली. आम्ही कायम झालो कसे? खंडाच्या दिवशीही कामावर होतो, हे दाखवून दिलं म्हणून. आमच्या पुढाऱ्याने साहेबाला भर बैठकीत विचारलं, "त्या दिवशी गावाला पाणी काय तुमच्या आजीने पाजलं?" साहेब गप्प. महिन्याभरात आम्हाला कागद मिळाले.

मग बारकीचं वेगळं काय? महिनाभर मासे कुणी जगवले? सलग नोकरी आहे तिची. फक्त कुणी जाऊन सांगितलं नाही. तिला तोंड नाही. मला आहे.

मंगळवार, १८ मार्च

इस्त्रीचा शर्ट घालून विद्यापीठाच्या कचेरीत गेलो. बारकीला न सांगता. नेमणुकांच्या खिडकीत एक बाई, चष्मा डोक्यावर. वाटलं हाकलेल. पण म्हणाली, "बसा आजोबा, बोला." किती दिवसांनी कुणी बसा म्हणालं! सगळं सांगितलं — पंपघर, खंड, डोळा.

"म्हणजे नेमणूक नसताना त्या आत जातात?"

"रोज! रविवारीसुद्धा. परवा अंगात ताप होता, तरी गेली."

"दार कसं उघडतं पण?"

"टाक्या धुणारे मामा कार्ड देतात ना. देवमाणूस."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"आजोबा, हे तुम्ही मला सांगायला नको होतं."

"का? खोटं नाही एक अक्षर."

"तेच तर."

मला वाटलं, साहेबासारखी हीसुद्धा गप्प झाली. जिंकलो! येताना बसमध्ये खिडकीची जागा मिळाली.

गुरुवार, २० मार्च

बारकी दुपारीच घरी. चपला नीट जोडून ठेवल्या. तेव्हाच कळलं, काहीतरी बिनसलंय.

"बाबा, तुम्ही कचेरीत गेला होतात?"

एक एप्रिलपर्यंत तिने आत पाऊल टाकायचं नाही. नेमणूक नसलेला माणूस आत असताना आग लागली, काही अंगावर सांडलं, तर जबाबदार कोण, म्हणून. मामांना लेखी ताकीद — त्यांची निवृत्ती तोंडावर आलीय. मॅडमकडे खुलासा मागितला. मॅडम तिला एवढंच म्हणाल्या, "घरच्यांना सांगून ठेवायचंस ना."

मी विचारलं, "पण तू काम करत होतीस, हे सिद्ध तर झालं?"

"झालं, बाबा. चांगलंच झालं."

ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिने चहा केला. माझा कप माझ्यासमोर ठेवला आणि आपला घेऊन आत गेली. दार लोटून घेतलं.

आमच्या मागे पुढारी होता. हिच्यामागे कोण? मी.

शनिवार, २२ मार्च

माशांच्या पिल्लांची टाकी गेली, एकही वाचलं नाही. तिच्या टाकीला हात लावायला आता सगळेच घाबरतात. त्यात पिल्लांना वेगळं बारीक खाणं लागतं, ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. बारकीने फोनकडे बघत बघत सांगितलं. मी "अरेरे" म्हणालो. इतकं फालतू वाटलं ते तोंडातून निघाल्यावर!

घरात दोन माणसं आणि आवाज फक्त भांड्यांचा. ती घरी नसायची तेव्हा एवढं एकटं वाटत नव्हतं.

मामांना भेटून माफी मागावी म्हणतो. पण मी कुठे जायला निघालो की बारकी विचारते, "कुठे?" आता विचारायचा तिला हक्क आहे.

मंगळवार, २५ मार्च

भांडी घासता घासता पाठमोरी म्हणाली, "मी फेलोशिप सोडते."

मॅडम बोलल्या तिच्याशी. त्यांचा राग उतरला असावा. त्यांच्या पैशावर सहा महिन्यांची नेमणूक देऊ शकतात. विषय त्यांचा, काम त्या सांगतील ते. पण कर्मचारी म्हणून. कार्ड मिळेल, माझ्या नावासकट. कचेरीला शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय, हे की ते.

"आणि सहा महिन्यांनी?"

"पुढचं पुढे."

"फेलोशिप पुन्हा मिळेल ना?"

"नाही. एकदाच देतात."

नको म्हणायला हवं होतं. नको कर असं, पोरी, माझं काय, पिकलं पान. शब्द अगदी जिभेवर होते. पण रेघ दिसत होती ना, मधोमध मोडलेली! मी म्हणालो, "तुला योग्य वाटेल ते कर."

तिने नळ बंद केला. हात पुसले. म्हणाली, "डाव्या डोळ्याचं मला माहीत आहे. तुम्ही जिन्यात कठडा चाचपता."

तिला सगळं दिसतं. मला तिच्या डोळ्यांत बघवलं नाही.

बुधवार, २६ मार्च

शिंप्याकडे बसलो. "प्रेशर कमी दिसतंय आज," म्हणाला. हसलो नाही, तेव्हा मशीन थांबवलं त्याने. पहिल्यांदाच. सुईत दोरा ओवून दे म्हणाला. माझ्याच्याने ओवला गेला नाही. त्याने ती परत घेतली.

गुरुवार, २७ मार्च

डॉक्टरीणबाईंकडे एकटाच जाऊन आलो. तपासणीपुरते पैसे भरले. त्यांनी डाव्या डोळ्यात बराच वेळ पाहिलं. आत रक्त येऊन वण धरलाय. विचारलं, "मागच्या तारखेला का नाही आलात?" मी चष्मा पुसत राहिलो. मग म्हणाल्या, या डोळ्यावर आता सुईचा उपयोग नाही. उजवा चांगला आहे, लक्ष ठेवू.

"म्हणजे सुई बंद?"

"बंद."

"नक्की? पुन्हा लागणार नाही?"

मला धक्का बसला असं वाटून त्यांनी खांद्यावर हात ठेवला. मी मनात वार मोजत होतो. आज गुरुवार. उत्तर उद्या.

बारकी आतल्या खोलीत आहे, दार लोटलेलं. चुकवलेल्या तारखेचं सांगायचं नाही. सुई आता लागत नाही, म्हणजे कार्डही लागत नाही, एवढंच सांगायचं. उठतो आणि दार वाजवतो.