काकींचं अंगण

ती. आईस, क्षमाचा मनापासून जयभीम.

कालच्या उधाणात किनाऱ्यावरच्या सुरय पाखरांची सगळी अंडी वाहून गेली. आज सकाळी वनरक्षकांनी किनारा फिरून तसं सांगितलं. मी ठीक आहे. माझी खोली टेकडीवर आहे, काळजी करू नकोस.

तुला माहीतच आहे, या पाखरांची राखण हेच माझं इथलं काम. दरवर्षी समुद्र वाळू खातोय, म्हणून कोळणींनी मासळी वाळवायची आपली जागा पाखरांना अंडी घालायला सोडली होती. त्या आता दारापुढं मासळी वाळवतात. त्यांच्यातल्या प्रभावती काकी मला म्हणाल्या, "तुझ्या पाखरांका जागा दिली, आता आमकां तुझ्या गावाक ने." सगळ्या हसल्या. मीही हसले. काल त्यांच्या घराच्या भिंतीला पाणी लागलं होतं.

माकणीत ऊन लई आहे का? बाबांचा गुडघा कसा आहे? राजपाल मला रडूबाई म्हणतो ना, त्याला सांग, मला रडू आलं नाही.

पौर्णिमेला पाणी आणखी वर येणार आहे. पाखरं मात्र पुन्हा अंडी घालतील, असं वनरक्षक म्हणतात. दुपारी एक जोडी काकींच्या अंगणात वाळू उकरत होती. उद्या मला काकींकडं ते अंगणही मागावं लागेल.

तुझी,
क्षमा