आधी रिव्हर, मग लेमन

ठाणे,
४ ऑक्टोबर २०२५

ती. संचिताताईंना,
नमस्कार. अष्टमीला तुम्ही डोंबिवलीला नीट पोचलात हे भावोजींच्या फोनवरून कळलं. त्यांचा गुडघा आता कसा आहे? आमच्या घोडबंदर रोडची वाहतूक कोंडी होती तशीच आहे. ऋतुराज काल ऑफिसातून आला तो इतका दमून की भांडायचंही त्राण नव्हतं त्याच्यात.

हे फोनवर सांगायचं दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा गिळलं. मेसेजही करवेना. असलं काही फोनवर लिहायचं नाही, हे तुमच्या भावानंच मला शिकवलंय. म्हणून कागद. वाचून फाडून टाका.

त्या दिवशी टेंभी नाक्याला देवीच्या रांगेत तुम्ही डोळे मिटून पुटपुटत होतात. मला वाटलं, स्तोत्र. कान दिला तर इंग्रजी. लेमन, रिव्हर असलं देवीला कोण ऐकवतं? पण मी ओळखलं. ऋतुराजच्या बिटकॉइनचं कुलूप त्याच बारा शब्दांनी उघडतं. ज्याला ते ओळीने येतात, पैसे त्याचे. विसरले तर कुठल्या बँकेत जाऊन रडायची सोय नाही. आपलं काही बरंवाईट झालं तर दुसऱ्या कुणाला ते ठाऊक हवेत, असं त्याने महिनाभर लावलं होतं. मला सांगावेत की नाही यावर तो बोलायचा आणि मी भाजी निवडायचे. शेवटी म्हणाला, "राहू दे गं, तुला उगाच टेन्शन."

मी बरं म्हटलं. आणि त्याने ते तुम्हाला दिले.

तुमच्यावर राग नाही हो. मोठी बहीण आहात त्याची. कारणही मला कळतं. माझ्या संदेशचं खोपटमधलं दुकान बुडाल्यापासून ऋतुराजला वाटतं, मी भावासाठी विरघळेन.

आता मुद्द्याचं. ताई, तुमचा क्रम चुकतोय. आधी रिव्हर, मग लेमन. बाकीचे दहा बरोबर आहेत, पण एवढ्यानेही कुलूप उघडणार नाही.

मला कसं ठाऊक? आमच्या बाथरूमची भिंत ओट्याला लागून आहे. तुमच्या घरात पाढे मोठ्याने म्हणायची पद्धत होती ना, ती खोड काही गेलेली नाही. आंघोळ करताना तो बाराही शब्द खणखणीत म्हणतो, नळाच्या आवाजात कुणाला कळतंय असं समजून. दोन वर्षं मी पोळ्या लाटता लाटता ऐकतेय. पाठ करावे लागलेच नाहीत.

संदेश आमच्या जेवणाच्या टेबलावर डोकं टेकून रडला, तेव्हाही मला ते येत होते. मी त्याला पाणी दिलं, वरणभात वाढला आणि रिकाम्या हाताने परत पाठवला. तेव्हापासून भावाच्या डोळ्यांत बघून बोलता आलेलं नाही मला. ऋतुराजला यातलं काही माहीत नाही. त्याचा हिशोब अजून तोच, मी विरघळेन. फार लागलंय ताई, खोटं कशाला सांगू.

चार दिवस कशात लक्ष नाही. काल दूध उतू गेलं, आज पोळी करपली. बोलावं तर मला सगळं ठाऊक होतं हे उघडं पडतं. गप्प बसावं, तर उद्या वेळ आलीच आणि तुम्ही उलटा क्रम घेऊन उभ्या राहिलात, तर त्याचे इतक्या वर्षांचे कष्ट पाण्यात. मग ठरवलं, उघडी पडले तर पडले.

तुम्ही त्याला सांगणार हे धरूनच लिहितेय. तो शब्द बदलेल. बदलू दे. पण नवे शब्द मला भिंतीपलीकडून नकोत. सांगायचे तर समोर बसवून सांगावेत, नाहीतर मनात म्हणावेत. मला त्यातला एक पैसा नको होता. त्याने सांगायला हवं होतं, एवढंच.

त्याचं ठरेपर्यंत, तो आंघोळीला गेला की मी मिक्सर लावते. चटण्या फार झाल्यात. थोड्या तुमच्याकडे पाठवते.

तुमच्याच घरातली,
समीक्षा