ताईची ओळ

ताई,

"तणनाशक आणलंय, आता निंदायला तुझी गरज नाही," असं मी बोलून गेलो आणि तू बॅग भरलीस. हे पत्र पाठवायला मला तोंड नाही.

तण मेलं, पण सोयाबीन पिवळं पडलं. रोप उपटलं तर मुळांवर नत्र पुरवणाऱ्या गाठी मोजक्याच, त्याही फोडल्यावर आतून पांढऱ्याफटक. माती तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "जिवंत गाठ आतून गुलाबी असते, दादा. औषध दुप्पट मारलंत ना?" दुप्पटच मारलं होतं.

बांधालगतच्या दोन ओळींना औषध पुरलं नव्हतं. तिथल्या गाठी गुलाबी आहेत. त्यातल्या एका ओळीतलं तण मी केव्हाच काढलं. तरी रोज खुरपं घेऊन तिथेच बसतो. दुसरीला हात लावत नाही, ती तुझी.

तुझा फटकळ भाऊ