आजी-आजोबांविषयी पाच मिनिटं

तीर्थरूप आत्या,

माणूस गेल्यावर साधारण किती दिवसांनी चांगला होतो? मला याचं उत्तर येत नाही, आणि पदवीच्या तिन्ही वर्षांत हा प्रश्न कुठल्या पेपरातही आला नव्हता. नमस्कार विसरलेले नाही. तो इथे वाकून करते. तुझे गुडघे कसे आहेत? उजवा बरा झाला म्हणून डावा रुसलाय असं तू लिहिलं होतंस, त्यांचं आता पटतं का ते कळव. इकडे सगळं ठीक. बाबांचा चष्मा बदलला, काकांचा स्वभाव बदलला नाही, आणि आई दोघांनाही सांभाळून आहे.

पहिल्या प्रश्नाचं कारण सांगते. आपले आजोबा गेल्या रविवारी दुपारच्या जेवणानंतर चांगले व्हायला लागले आणि चहाच्या वेळेपर्यंत इतके चांगले झाले की मला ओळखू येईनात. हे माझ्या डोळ्यांदेखत झालं आणि माझ्याच एका नियमामुळे झालं, म्हणून सविस्तर लिहिते.

आजी-आजोबांच्या नावाने शिष्यवृत्ती ठेवायची ही कल्पना तुझी. पैशांची भर बाबा-काकांनीही घातली, पण मोठा वाटा तुझाच. चिटणीस मला केलं, कारण घरात पदवी माझ्या एकटीकडे आहे. (पदवीधर माणसाला अर्ज, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं आणि पाण्याची मोटर यातलं सगळं कळतं, अशी आपल्या घराची समजूत आहे. मोटर अजून बंदच आहे.) गावातल्या एका मुलाची किंवा मुलीची कॉलेजची फी भरायची, नाव आम्ही तिघांनी सुचवायचं आणि शेवटचा शब्द तुझा, एवढंच ठरलं होतं. त्यावर मी आपणहून एक नियम चढवला. ज्यांच्या नावाने शिकायचं ती माणसं कोण होती हे शिकणाऱ्याला माहीत असायला हवं, म्हणून प्रत्येक अर्जदाराने आजी-आजोबांविषयी पाच मिनिटं बोलायचं. नियम लिहून झाल्यावर मला फार बरं वाटलं होतं. ज्यांनी बोलायचं त्यांच्यातला एकही जण आजोबा गेले तेव्हा शाळेतसुद्धा नव्हता, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

मुलाखती आपल्या शिवणाच्या दुकानात घेतल्या. बेतायचं टेबल रिकामं करून पलीकडे आम्ही तिघं बसलो आणि अलीकडे गिऱ्हाइकाचं स्टूल ठेवलं. बाकीच्यांनी बाहेरच्या बाकावर थांबायचं. बाबांना तू ओळखतेस. शिंपी माणूस, समोर कुणी बसलं की ते चेहऱ्याच्या आधी खांद्याची शिवण बघतात. एका हुशार मुलाला त्यांनी गुणच दिले नाहीत. विचारलं तर म्हणाले, "कॉलर बघितलीस का त्याची? तयार घेतलीय." काकांची अडचण वेगळी. इतकी वर्षं शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून त्यांनी मोटार शिकवली आहे, त्यामुळे समोरचा माणूस भरधाव बोलायला लागला की त्यांचा उजवा पाय टेबलाखाली ब्रेक दाबतो. टेबल हलतं, बोलणारा दचकतो. एक मुलगी तर या धक्क्याने मधेच थांबून रडायला लागली आणि काकांनी तिला सवयीने सांगितलं, "घाबरायचं नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरू कर."

तरीही पहिला मुलगा आत आला तेव्हा सगळं सरळ होतं. आजोबांबद्दल काही माहीत नाही म्हणून त्याने बिचाऱ्याने अंदाजाने सांगितलं, की त्यांनी एका गरीब मुलाला शाळेचा गणवेश फुकट शिवून दिला होता. बाबांनी नवा चष्मा काढून डोळे पुसले. झालं. मुलगा बाहेर गेला, बाकावरच्यांनी त्याला गाठलं, काय बोललास, काय झालं, आणि डोळे पुसल्याची बातमी बाकभर पसरली. दुसऱ्याच्या तोंडी वर्गातल्या निम्म्या मुलांचे गणवेश आले. तिसऱ्याने सगळी शाळा घेतली. त्यानंतरच्या मुलीने आजीला हाती धरलं आणि तिच्याकडून अनाथाश्रमाच्या रजया शिवून घेतल्या. शेवटून दुसरा आला, त्याच्या पाच मिनिटांत पूर आला आणि आजोबांनी रात्रंदिवस मशीन चालवून बेघर लोकांना तंबू शिवून दिले.

आत्या, आपल्या गावाला नदी नाही.

ही गोष्ट मी बाबांच्या कानाशी लागून सांगितली. ते म्हणाले, "तू लहान होतीस. मला अंधुक आठवतंय काहीतरी तंबूचं." काकांनाही आठवलं. कापडाचा रंगही आठवला. मग रंगावरून दोघांचं वाजलं, खाकी की हिरवा, आणि तंबूवाल्या मुलाने दोन्ही होते असं सांगून भांडण मिटवलं. शिष्यवृत्ती त्याला देऊन टाकायची असं दोघांनी तिथेच डोळ्यांनी ठरवलं.

सगळ्यात शेवटी समोरच्या लाँड्रीवाल्यांची नात आली. तिचा बाकावरच्या गप्पांशी संबंध नव्हता, कारण ती शेवटच्या क्षणी कपड्यांचा गठ्ठा पोचवून थेट आत आली होती. (खांद्याची शिवण उसवलेली होती. बाबांनी नोंद घेतली.) स्टुलावर बसली आणि म्हणाली, माझ्या आजीला विचारून आलेय, तिला आठवतं तेवढंच सांगते.

मग तिने सांगितलं. आपल्या आजोबांनी जन्मात एकही कपडा ठरल्या दिवशी दिला नाही. तिच्या आजोबांच्या लग्नाचा कोट एका बाहीचा आला, दुसरी बाही नुसती टाचून दिली होती, म्हणून लग्नाच्या फोटोत नवरदेव खांदा भिंतीला लावून उभे आहेत. आपले आजी-आजोबा एकमेकांशी थेट बोलत नसत, गिऱ्हाइकामार्फत बोलत. आजोबा गिऱ्हाइकाला म्हणायचे, "यांना सांगा, काज मोठं झालंय." आजी त्याच गिऱ्हाइकाला म्हणायची, "त्यांना सांगा, बटण लहान आणलंय." गिऱ्हाईक मधे उभं, अंगात अर्धा सदरा. इथे मला हसू आलं, पण बाबांकडे बघून मी ते गिळलं. काकांचा पाय पुढे सरकला होता.

पुढचं तुला जसंच्या तसं लिहिते. ती म्हणाली, "त्यांची मोठी मुलगी माझ्या आजीच्या बाकावर बसायची. सातवीत पहिली आली होती. काज करायला माणूस मिळेना म्हणून तिला शाळेतून काढून मशीनपाशी बसवली."

काकांनी ब्रेक दाबला. टेबल हललं, कात्री खाली पडली. ती दचकली नाही. तिने कात्री उचलून टेबलावर ठेवली.

बाबा म्हणाले, "तुला शिष्यवृत्ती हवीय ना गं?"

"हवीय."

"मग हे असलं कशाला सांगतेस?"

"तुम्हीच त्यांच्याविषयी बोल म्हणालात. मला एवढंच माहिती आहे." मग म्हणाली, "आमच्याकडेपण इस्त्रीला माणूस मिळत नाहीये सध्या. घरात म्हणतायत, एखादं वर्ष तू बस." तिला संख्याशास्त्र शिकायचं आहे. तिचे गुण मी पाहिले, तंबूवाल्याच्या पुष्कळ वर आहेत. फी भरायची शेवटची तारीख आठवड्यावर आली होती. नाव आपल्याकडून गेलं नाही तर ती समोरच्याच दुकानात बसणार, आणि एखादं वर्ष म्हणजे किती हे तुला मी सांगायला नको.

ती गेल्यावर आमच्यात जे झालं त्याला चर्चा म्हणता येणार नाही. काका म्हणाले, आईवडिलांच्या नावाचा पैसा आईवडिलांची बदनामी करणारीला द्यायचा म्हणजे कमाल झाली. मी म्हटलं, खोटं काय बोलली ते सांगा. काका म्हणाले, खऱ्याखोट्याचा प्रश्न नाही, प्रश्न आदराचा आहे. मी म्हटलं, तंबू कुठल्या पुराचे होते? काकांनी पुन्हा ब्रेक दाबला, पण मी घरचीच असल्यामुळे माझ्यावर परिणाम होत नाही. बाबांनी टेबलावर पुन्हा कापड पसरलं, खडूने रेघ मारली आणि एका पाटलोणीचे दोन्ही पाय डावे कापले. आपल्या दुकानात असं आजवर झालेलं मी पाहिलं नव्हतं.

तर आता तुला विचारायचं आहे ते हे. तू शाळा सोडलीस कारण तुला अभ्यासाचा कंटाळा होता, असं लहानपणापासून तूच मला सांगत आलीस. माझ्या निकालाच्या दिवशीही तेच म्हणालीस, आणि वर पेढ्याचा बॉक्स माझ्या हातात कोंबून खिडकीपाशी जाऊन उभी राहिलीस. मी तेव्हा विश्वास ठेवला. खरं काय ते सांगायचं नसेल तर सांगू नकोस. पण शेवटचा शब्द तुझा आहे, त्याच्याशिवाय नाव जाहीर करता येत नाही. एक मत काकांचं तंबूकडे आहे, माझं लाँड्रीकडे आहे, बाबांचं कळत नाही. तुझ्या संमतीची वाट बघते. जे ठरवशील ते मान्य करीन.

आईने नमस्कार सांगितलाय, आणि डाव्या गुडघ्याला तेल.

तुझी,
चिटणीस भाची

ता. क. वर संमती मागितली आहे ती रीत म्हणून. हे पत्र टाकायचं राहून गेलं आणि मधल्या दिवसांत पुढचं झालं. परवा सकाळी बाबा शर्टाला काज करत होते. मान वर न करता म्हणाले, "ताईसारखं काज अजून कुणाला जमलं नाही." एवढंच. जरा वेळाने विचारलं, "कॉलेजची फीची खिडकी किती वाजता बंद होते?" हे मी त्यांचं मत धरलं, आणि खिडकी बंद होण्याच्या आत जाऊन मुलीची फी भरली. तिचं कॉलेज सुरू झालंय. त्यामुळे तुझं उत्तर नकाराचं असेल तर सावकाश लिहिलंस तरी चालेल. काका अजून माझ्याशी बोलत नाहीत, आईमार्फत बोलतात.

दुसरा ता. क. खरी विनंती अशी, की तू ये. छोटा कार्यक्रम करणार आहोत. मुलीची आजी रोज विचारते आणि म्हणते, शाळेत बाकावरची खिडकीकडची जागा माझी होती, तुझ्या आत्याने बळकावली होती, तिला म्हणावं तोंड दाखव. स्टेशनवर काका गाडी घेऊन येतील. (शिकाऊ माणूस गाडी चालवणार नाही, हे आईमार्फत कबूल करून घेतलंय.)

तिसरा, आणि हा शेवटचा. कॉलेजच्या दारापाशी शिष्यवृत्तीची पाटी लावायची होती. आजी-आजोबांच्या नावाखाली देणाऱ्यांची नावं आणि त्यांचं शिक्षण लिहायचं असतं. काकांना तिथे माझं नाव पदवीसकट हवं होतं, आणि तू तुझं नाव अजिबात नको म्हणून दोनदा कळवलं होतंस. पेंटरला मजकूर मी सांगितला. बाबा-काकांच्या वर तुझं नाव आहे, माझं कुठेच नाही, आणि तुझ्या नावापुढे लिहिलंय: सातवी, पहिला क्रमांक. पेंटरने विचारलं, एवढंच ना? मी हो म्हटलं. पाटी काल लागली.