पाठीवरची रुई

मुक्काम सिंदी (रेल्वे)

सौ. मनकर्णाले रूपरावचा रामराम.

मी खुशाल हाये. जिनिंगातलं काम बरं चालू हाये. मायचा खोकला थांबला का? गाय व्याली का?

सदरा रोज धुऊन चुलीवरच्या दोरीवर वाळत घालतो. माह्या अंगावरून खोलीत आलेली रुई त्या दोरीवर साचली होती. परवा तिनंच पेट घेतला. लगेच इझवलं. अक्षर वाकडं दिसलं तर घाबरू नोको, डाव्या हातानं लिहून राह्यलो. आता दोरी रोज पुसतो. तूबी घरची दोरी पुसत जाजो.

कापूस भरून आलो का तू मले दारातच थांबवून पाठ झटकत होती. मी चिडत होतो.

आता समोरची रुई मीच झटकतो. पाठीवर हात पुरत नाई.

रूपराव