लॉनवरची बाजरी

१० जुलै २००२

—आणि पंधरवड्यापूर्वी मी बायकोच्या, मोहिनीच्या, हातातला डबा हिसकावला. बाजरी सांडली ती लॉनवरच! चिमण्या, कबुतरं, सगळी धावली. "चला, तुमच्याही हातून पुण्य घडलं," म्हणाली. महिनाभर सांगत होतो, पाखरांना दाणे घराच्या गच्चीवर टाक. आता पाऊस पडून लॉनभर बाजरी उगवली आहे. वीतभर!

११ जुलै

मागच्या सिंहस्थात या लॉनच्या जागी यात्रेकरूंच्या बसगाड्या उभ्या होत्या. त्या गेल्या, खड्डे राहिले. कॉलनीने गोटे वेचले, माती आणली, लॉन लावलं. पुढच्या वर्षी पुन्हा सिंहस्थ. पालिकेचे साहेब जागा पाहायला येणार. हिरवळ नीट असली तर बाग राहील. नाहीतर परत पार्किंग. आणि बाग समितीचा सेक्रेटरी मी!

१३ जुलै

पेठकडच्या शेतमजूर बाया आणल्या. लंकाबाई त्यांची मुकादम. "खुरपणी करा, सगळं स्वच्छ करा," म्हणालो आणि चहाला घरी गेलो.

परत आलो तर बाजरी ताठ उभी. लॉन कडेला, ढिगात!

"गवत लय दाट व्हतं, दादा. पण बाजरीच्या एका रोपाला धक्का नाय लावला."

खुरपणी म्हणजे पीक राखायचं, गवत काढायचं. मोहिनी हसून हसून पायरीवरच बसली.

१४ जुलै

लंकाबाई म्हणते, मुळं खाली हायेत, दिवाळीपर्यंत गवत परत धरंल. साहेब दिवाळीनंतर आले तर बरं!

२ ऑगस्ट

साहेब आले नाहीत. बाजरी कमरेला. उपटली तर उरेल नुसती माती.

६ सप्टेंबर

साहेब आले. मूळचे चांदवडचे, बाजरीच्या मुलखातले. कणीस चुरगाळून दाणा दाताखाली धरला.

"सेक्रेटरी, हे लॉन?"

"होतं."

त्यांचा माणूस टेप घेऊन मोजायला बाजरीत शिरला. साहेब खेकसले, "बाहेर हो आधी! उभ्या पिकात बूट घालून शिरतोस?"

मग मला म्हणाले, "कापणी होऊ द्या. दिवाळीनंतर येतो, तेव्हा हिरवळ दाखवा. पण पाखरांनी आधीच फस्त केली, तर मी कशासाठी थांबू? लगेच पार्किंगची आखणी."

चिमण्या तारेवर बसल्या होत्या. ऐकत.

७ सप्टेंबर

सकाळी गेलो तर मोहिनी आधीच बाजरीत उभी. तोच डबा, रिकामा. काठीने बडवत पाखरं हाकलत होती.