नववा प्रश्न

बडनेरा,
दि. ११ जानेवारी २०२५

चि. गोपाल यास ताईचे आशीर्वाद.

इकडे सारे बरे आहेत. शेवंती यंदा चांगली निघाली. तुह्या घरी प्रतीक्षाले डिंकाचे लाडू पाठवून राहिली, डबा वापस पाठवजो.

आता ऐक. मी तुह्यावर लय चिडली आहो.

काल राजापेठेत हलीमाबीच्या दुकानात फुलं द्यायले गेली. बुधवारी तिच्या मणक्याचं ऑपरेशन, तुमच्याच अकोल्याच्या दवाखान्यात. म्हणे, "गोपालभाईने कागज दिखाया. साठ पेशंट सालभर देखे, किसीको पेशाब की तकलीफ नई. तू भी तो है ना उसमें!"

मी नुसती हसली.

काहून रे, तो लघवीचा नववा प्रश्न मले कधी विचारला तू?

माह्या ऑपरेशनले साल झालं, त्या दिवशी अंगणात खाटेवर बसून तू दवाखान्याचा फॉर्म काढला. कळ किती? चालता किती येते? वजन उचलता येते? मी तोंड उघडायच्या आधीच तुहे भाऊजी बोलले, "टोपलं उचलते ना ते आता!" आठवा प्रश्न झाला अन् तुहे कान लाल झाले. पेन फिरवलं, फॉर्मची घडी केली. बहिणीले असं कसं विचारावं, हे समजते मले. पण मंग 'नाही'वर खूण काहून केली? कोरं ठेवायचं होतं! एखाद्या नर्सले पाठवायचं होतं! लाज तुही, अन् भोगावं हलीमाबीनं? बाकीच्या एकोणसाठात असे किती आहेत, देव जाणे.

अन् मी तरी काय मोठी शहाणी! काय राहिलं ते मले माहीत होतं. तरी म्हणाली, "अजून चहा घेतं का?"

फोनवर घरचे ऐकतात, म्हणून लिहून राहिली. पायाची कळ गेली हे खरं, त्यासाठी डॉक्टरसाहेबाचे उपकार. पण ऑपरेशन झालं तवापासून मले लघवी समजत नाही. लुगडं भिजलं का मंग कळते. तुह्या करिश्माच्या लग्नाले आली नाही, ताप होता म्हणाली, ते खोटं होतं. वावरात मी पाटाजवळच काम करते. कोणी पाहिलं तर पाणी उडालं म्हणता येते.

हलीमाबीनं ऑपरेशन करावं का नाही, ते तिचं ते ठरवन. पण खरं ऐकून ठरवू दे. फॉर्म दुरुस्त कर अन् हे पत्र साहेबाले दाखव. बोलणी खा, नोकरी जाते तर जाऊ दे. मंगळवारपर्यंत तू तिले सांगितलं नाही, तर मी दुकानात उभी राहून सांगीन, गिऱ्हाइकं असोत नाही तर कोणी असो.

नववा प्रश्न. उत्तर: हो.

तुही ताई भावना,
पेशंट नंबर सत्तावीस